शाळा उठून कुरणात गेली

डोंबिवली फास्टच्या दरवाज्यात लटकून ऐकत असाल तर आधी दोन पावलं आत या, मग ऐका. गोष्ट कुठे पळून जात नाही.

आजचा भाग शिकवणाऱ्यांबद्दल आहे. शिकवणारा माणूस स्वतःचं शिकवणं कसं सुधारतो? त्याला कळतं कसं, की आपलं काहीतरी चुकतंय? याचं सगळ्यात भारी उत्तर मला आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडलं. पण त्याआधी माझा एक पोपट झाला, तो सांगतो.

गेल्या वर्षी मी आणि दोन मित्रांनी डोंबिवलीत एक फुकट क्लास सुरू केला. अकरावी-बारावीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं, दर रविवारी सकाळी नऊला. पहिल्या रविवारी चौदा मुलं होती, सहाव्या रविवारी पाच उरली. आम्ही तिघांनी चहा पिता पिता निकाल लावून टाकला : मुलांना इंटरेस्टच नाही, दिवसभर रील्स बघायला हवेत. फुकट मिळालं की किंमत नसते, वगैरे वगैरे.

त्या गळालेल्यांमध्ये एक मुलगा खरंच हुशार होता. एका रविवारी तो मला स्टेशनजवळ भेटला, भाजीच्या गाडीवर, वडिलांसोबत. कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. मी म्हटलं, "काय रे, येत का नाहीस?" तो अगदी साधेपणाने म्हणाला, "दादा, रविवार सकाळच आमचा धंद्याचा टाइम. तुम्ही तेव्हाच का ठेवला क्लास?"

मला उत्तर देता येईना. कारण उत्तर एवढंच होतं, की रविवारी मला सुट्टी असते. मुलांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयावर वाचायला लागलो, आणि वाचता वाचता पोहोचलो कोसबाडला.

कोसबाड म्हणजे डहाणू तालुक्यातली एक टेकडी. डोंबिवलीहून जायचं तर कोपरहून वसईची गाडी, तिथून पुढे डहाणू. शेजारी घोलवड, बोर्डी, चिकूच्या वाड्या, पलीकडे समुद्र. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यातच होता. म्हणजे एकाच जिल्ह्यात इकडे आपली लोकल, चाळी आणि क्लासेस, आणि तिकडे वारल्यांचे पाडे.

या गोष्टीत दोन बाया आहेत. पहिल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा. त्या काळात बीए झालेल्या. पुढे राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. शिक्षिका तयार करणारं कॉलेज, हातात अधिकार, समाजात मान. 'मला शिकवता येतं' असं म्हणायला एवढं पुरेसं होतं की नाही?

पण तिकडे भावनगरला एक वेगळाच माणूस काम करत होता, गिजुभाई बधेका. हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवायचं या काळजीतून माँटेसरीचं वाचायला लागले आणि वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर काढून बसले. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणायचे, म्हणजे मिशावाली आई. ताराबाई प्राचार्यपद सोडून या वकिलाकडे गेल्या आणि लहान मुलांना शिकवायचं कसं हे पहिल्यापासून शिकल्या. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाई मुंबईत आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

इथे गोष्ट संपली असती तरी ताराबाईंचं नाव राहिलं असतं. पण माँटेसरीच्या पद्धतीत एक गोची होती. मारिया माँटेसरीने आपली पहिली शाळा १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत काढली, ती गरीब कामगारांच्या पोरांसाठी. पण तिची साधनं महागडी : मापात बसणारे लाकडी ठोकळे, दंडगोल, मण्यांच्या माळा. हळूहळू ती पद्धत परवडणाऱ्यांची झाली. आपल्याकडेही तेच. मग खेड्यातल्या पोरांचं काय?

हा प्रश्न घेऊन ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न. आणि सोबत आल्या गोष्टीतल्या दुसऱ्या बाई, अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं, आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. आधी नाशिक जिल्ह्यात आणि मग पुण्यात हुजूरपागेत बरीच वर्षं शिकवलं. नोकरी करता करता रात्रशाळेतून १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पुण्यातली पक्की नोकरी सोडून बाई बोर्डीला आल्या. दीडेक दशक शिकवलेली बाई, पुन्हा शिकाऊ झाली.

आता बोर्डीत काय झालं ते नीट ऐका. बालवाडी सुरू झाली. गावातल्या पांढरपेशा घरांतली मुलं यायला लागली. पण हरिजन वस्तीतली मुलं येईनात. (त्या वेळचा शब्द आहे हा, म्हणून तसाच ठेवतोय.) १९४५ च्या गावात जात काय चीज होती हे वेगळं सांगायला नको.

आता इथे आम्ही तिघं असतो तर चहा मागवला असता आणि म्हटलं असतं, "यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही."

त्यांनी बालवाडी उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात. पोरं तिथेच होती, कारण ती तिथेच राहत होती. तिथेच त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, खेळ घ्यायचे. आया दारातून बघायच्या, मग जवळ यायच्या. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून अंगणवाडी. आज आपण सहज वापरतो तो शब्द या कामातून आलाय.

मग साधनं. इटलीतले ठोकळे अंगणात कुठून आणणार? तर शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, बांबू, माती. मोजायला चिंचोके असले तरी तीन म्हणजे तीनच असतात. माँटेसरीचा विचार ठेवला, साधनं गावातली घेतली.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. हा भाग साधा नव्हता. १९४५ मध्येच इथल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला होता, गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलेली ही माणसं. बाहेरून आलेल्या सुशिक्षित माणसावर त्यांनी पटकन विश्वास का ठेवावा?

तिथे शाळा काढली, तर पुन्हा पोरं येईनात. पुन्हा बघितलं, का येत नाहीत? मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड. आई-बाप कामाला गेलेले. तिने शाळेत यायचं तर बाळाला कुठे ठेवायचं? म्हणून शाळेला पाळणाघर जोडलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. याला नाव दिलं विकासवाडी.

आणि गुराखी पोरं? ती सकाळी गुरं घेऊन कुरणात जायची. ती शाळेत येणं शक्यच नव्हतं, कारण गुरं शाळेत येऊ शकत नव्हती. मग शिक्षक कुरणात गेले. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली, तिथेच मोजणं, तिथेच अक्षरं, आजूबाजूच्या झाडापानांवरून विज्ञान. या शाळेचं नाव कुरणशाळा.

मी कोड लिहितो. आमच्याकडे एखादं अॅप लोक वापरत नसले, की पहिली जीभ वळवळते ती 'युजरला कळत नाही' असं म्हणायला. मग कोणीतरी सिनियर शांतपणे म्हणतो, आधी लॉग्स बघ. कोसबाडला रिकामा वर्ग हाच लॉग होता. पोर आलं नाही, तर त्याच्या घरापर्यंत चालत जायचं आणि काय अडलंय ते बघायचं. जागा अडली तर जागा बदलायची, साधन अडलं तर साधन, वेळ अडली तर वेळ. पोराला दोष देणं हा शेवटचा पर्याय.

आता एक शंका, जी मलाही आली आणि तुम्हालाही येत असेल. कुरणात शाळा नेली म्हणजे पोरांनी गुरं राखावीत हे मान्यच केलं ना? ते पोर गुरांमागे जायलाच नको, वर्गातच असायला हवं, असं का म्हटलं नाही? शंका रास्त आहे. आज कायद्याने तसंच म्हणायला हवं. पण मला वाटतं, घरातली गरिबी हटायची वाट बघितली असती तर तोवर ते पोर बाप्या झालं असतं. त्याचं आठवं वर्ष एकदाच येणार होतं. त्या वर्षी त्याच्या हातात अक्षर पडलं, हे मला मोठं वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.

पुढचं पटकन सांगतो. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी काम चालू ठेवलं. या बाई १९६१ मध्ये पदवीधर झाल्या, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासोबत ग्राममंगल ही नवी संस्था काढली. १९८५ मध्ये पद्मश्री. १९९२ मध्ये गेल्या.

मधल्या काळात, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभरात जवळपास चौदा लाख अंगणवाड्या आहेत. एका वस्तीत पोरं येईनात म्हणून काढलेली वाट देशभर पोहोचली. फक्त एक आहे : नाव पोहोचवणं सोपं असतं. पोर आलं नाही तर त्याच्या दारापर्यंत जायची सवय शासन निर्णयातून पोहोचत नाही. ती प्रत्येक शिकवणाऱ्याला स्वतःच लावून घ्यावी लागते. ज्या अंगणवाडी ताई आजही वजनकाटा, रजिस्टर आणि पोषण आहार सांभाळून ती टिकवतात, त्यांना माझा दंडवत.

आणि आमचा क्लास? गळालेल्या नऊही मुलांना आम्ही भेटलो. दोघांचा रविवारी धंदा. चौघांकडे लॅपटॉप नाही, आणि आमचा गृहपाठ लॅपटॉपशिवाय व्हायचाच नाही. एक मुलगी म्हणाली, "तुम्ही इंग्लिशमध्ये फास्ट बोलता, मग विचारायला लाज वाटते." बाकी दोघांना खरंच इंटरेस्ट नव्हता. नवातले दोघं. आम्ही तर सगळ्यांवरच शिक्का मारून मोकळे झालो होतो.

आता क्लास गुरुवारी रात्री नऊला असतो. सगळं मोबाइलवर चालेल असंच देतो, आणि मी मराठीत, हळू बोलतो. अकरा मुलं येतात. भाजीच्या गाडीवरचा तो मुलगा येतो, हाताला कोथिंबिरीचा वास घेऊन. ती मुलगी मात्र अजून आली नाही. दोनदा निरोप दिला. याचा अर्थ आमचं अजून काहीतरी चुकतंय. या आठवड्यात पुन्हा जाऊन विचारणार आहे.

तुम्हीही कुणाला काही शिकवत असाल, धाकट्या भावाला गणित, आजीला यूपीआय किंवा ऑफिसातल्या ज्युनियरला काम, तर पुढच्या वेळी 'याला कळतच नाही' असं तोंडावर आलं की क्षणभर थांबा आणि त्यालाच विचारा, कुठे अडतंय.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, दरवाज्यातून आत या आता. कोपर आलं.