कारीची शकावली, अंबवड्याची समाधी आणि आपल्या वह्या

घराण्याचा इतिहास लिहावयास बसले की तीन प्रश्न हटकून पुढे येतात. मूळपुरुष कोणाच्या चाकरीत होता, त्याची सोयरीक कोणत्या घराशी झाली आणि त्याचा देह कोठे विसावला? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे घरातील वडीलधारी मंडळी मोठ्या विश्वासाने देतात. परंतु सांगोवांगी ऐकलेली गोष्ट आणि कागदाने सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर असते. ते अंतर कसे मोजावे, याचा उत्तम वस्तुपाठ आपल्या भोर-वेल्ह्याच्या मातीतच उपलब्ध आहे. तो म्हणजे रोहिड खोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांच्या घराण्याचा.

भोरजवळच्या कारी या गावी जेधे देशमुखांच्या दप्तरात एक शकावली जपून ठेवलेली होती. दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे देशमुख यांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि लोकमान्यांनी ती 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तात प्रसिद्ध केली. शके 1540 ते 1619, म्हणजे इ. स. 1618 ते 1697 या काळातील घटनांची ही तिथीवार टिपणे आहेत. त्यांत ना अलंकार, ना कोणाची स्तुती. शिवछत्रपतींचा जन्म शके 1551 च्या फाल्गुन वद्य तृतीयेस झाल्याची नोंद याच शकावलीत सापडली. तोवर 1627 हे जन्मवर्ष रूढ होते, त्यामुळे पुष्कळ वाद झाला. एकट्या शकावलीवर विसंबून तो मिटला नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ ग्रंथात तीच तिथी आढळली, आणि पुढे जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची संवत् 1686 ची जन्मपत्रिका मिळाली. कारीचा देशमुख, संस्कृत कवी आणि मारवाडातील ज्योतिषी या तिघांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही तिघांची साक्ष जुळते, म्हणून ती बळकट ठरते. महाराष्ट्र शासनाने 2001 साली 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. आपल्यापैकी ज्यांची मुळे मारवाडात आहेत, त्यांना या प्रकरणाचे थोडे अधिक कौतुक वाटावे.

आता कान्होजींच्या चाकरीकडे वळू. ते शहाजीराजांच्या पदरी होते आणि पुढे शिवाजीराजांच्या बाजूस उभे राहिले. याचा भक्कम पुरावा, विरोधाभास असा की, शत्रुपक्षाच्या कागदात आहे. 16 जून 1659 चे आदिलशाही फर्मान कान्होजींना अफजलखानास सामील होण्याची आज्ञा करते. ते फर्मान घेऊन कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडून त्यांनी एकनिष्ठेची शपथ घेतली, हे मात्र जेधे करिन्यात येते. फर्मान परक्याचे आहे, करिना घरचा आहे. करिना म्हणजे घराण्याची हकीकत. अशा हकीकती बहुधा वतनाचा हक्क शाबीत करण्यासाठी लिहिल्या जात, त्यामुळे त्यांत आपल्या पूर्वजाची बाजू उजळ दाखविण्याकडे कल असणारच. वतनाच्या तंट्यांत बनावट कागदही पुष्कळ झाले. म्हणून करिना टाकून देऊ नये, पण तो एकटाच साक्षीस उभा करू नये. फर्मान आणि करिना एकमेकांस पूरक ठरतात, हेच येथे महत्त्वाचे.

विवाहाचा प्रश्न याहून नाजूक आहे. करिन्यातील हकीकत अशी की, भाऊबंदकीत कान्होजींचे वडील नाईकजी मारले गेले. तान्ह्या कान्होजीस देवजी महाला या विश्वासू सेवकाने वाचवून मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे नेले. पासलकरांनी त्यास वाढविले आणि पुढे आपली कन्या सावित्रीबाई दिली. रोहिड खोरे आणि मोसे खोरे यांची ही सोयरीक स्वराज्याच्या पायाभरणीत किती मोलाची ठरली, हे सांगावयास नको. परंतु वतनाच्या कागदांत स्त्रियांची नावे क्वचितच येतात. वतन पुरुषाच्या नावे चाले, म्हणून लेखकाला सुनेच्या वा लेकीच्या नावाची गरज भासत नसे. सावित्रीबाईंचे नाव टिकले ते घरच्या हकीकतीने. ज्या मोसे खोऱ्यात हा बालक वाढला, त्यातील मोठा भाग आज वरसगाव धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या जलाशयास वीर बाजी पासलकरांचे नाव दिलेले आहे. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णयही राज्य मंत्रिमंडळाने 2024 साली घेतला. नावे जपली जात आहेत, हे चांगलेच. बुडालेल्या गावांच्या पारावरील आठवणी मात्र कोणी लिहून घेतल्या असत्या तर बरे झाले असते.

तिसरा प्रश्न अंत्यस्थानाचा. कान्होजींची समाधी भोर तालुक्यातील अंबवडे येथे आहे. समाधी या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. येथे देह पुरलेलाच असेल असे नाही. दहनानंतर स्मरणार्थ बांधलेल्या चौथऱ्यासही समाधीच म्हणतात. आपल्याकडेही साधु-साध्वींच्या अग्निसंस्काराच्या जागी पादुका व छत्री उभारतात, त्यावरून हे सहज ध्यानी यावे. अशा चौथऱ्यांवर बहुधा लेख नसतो. तो कोणाचा हे गाव सांगते, आणि गावाचे सांगणे हा पुराव्याचा आरंभ असतो.

जैन घराण्यांपाशी वतनाचे करिने नाहीत, पण आपली साधने काही कमी मोलाची नाहीत. दुकानाच्या जुन्या वह्या आहेत, वहीवंचांच्या वंशावळी आहेत, आणि सर्वांत दुर्लक्षित असे प्रतिमालेख आहेत. देरासरातील जुन्या धातुप्रतिमेच्या पाठीवर संवत्, तिथी, ज्ञाती, श्रावकाचे नाव आणि प्रतिष्ठा करविणाऱ्या आचार्यांचे नाव कोरलेले असते. त्यात श्रावकाच्या भार्येचे आणि पुष्कळदा मातेचेही नाव असते. देशमुखी दप्तरात जी सोय क्वचित, ती येथे सहज मिळते. त्यातही एक खबरदारी हवी. प्रतिमा अनेकदा एका गावाहून दुसऱ्या गावी आणलेली असते. तेव्हा तीवरील श्रावक आपल्याच गावचा होता असे धरून चालू नये.

वहीवरील सालाबाबतही असेच आहे. मारवाडी वहीतील संवत् चैत्रापासून बदलतो, त्यात शकाच्या आकड्यापेक्षा 135 अधिक असतात. गुजराती वहीचा संवत् दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो, म्हणून चैत्र ते आश्विन या महिन्यांत तो शकाहून 134 नेच पुढे असतो. शिवाय मारवाडात महिना पौर्णिमेस संपतो. तिकडची वैशाख वदी म्हणजे आपल्या महाराष्ट्रीय पंचांगातील चैत्र वद्य होय. घराण्याच्या वंशवृक्षावर पणजोबांच्या जन्माचे वा विवाहाचे साल लिहिण्यापूर्वी ती वही मारवाडी रिवाजाची की गुजराती, एवढे विचारून घ्यावे.