जग वाढतंय, आणि आम्ही?

नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली. मी मिठबावचा, आणि आमच्याकडचे आकडे उलटे चालतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देश १७.७ टक्क्यांनी वाढला, सिंधुदुर्ग मात्र ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला!

कारण? मुंबई, असं आपण चटकन म्हणतो. ते खरंच आहे. २०११ साली जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या, बाकीचे चाकरमानी.

पण दुसरं कारण घरातलं. कोकणातल्या मुरूडच्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. शंभर वर्षांनी, २०१९-२१ च्या पाहणीत, महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली. लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतात.

माझ्या आजीची सात बाळंतपणं झाली, तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या नातींना एक-दोन मुलं, स्वतःच्या मर्जीने. म्हणून वाडीतल्या बंद घरांचं वाईट वाटलं तरी ते दिवस परत यावेत असं मला म्हणवत नाही. प्रश्न एवढाच, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना पेज कोण देणार?

तुमच्या गावात काय परिस्थिती?