शनिवारवाड्यातील हाक

वंशावळी, कुलस्वामिनी, गोत्रे आणि मूळ गावे यांवर या स्मरणिकेत आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. यंदा चिटणीसांनी आम्हांस आग्रह केला की, काही निराळे लिहा. मुलांनाही वाचावेसे वाटेल, पण इतिहासाला सोडून नसेल असे काही द्या. आम्ही पुष्कळ विचार केला आणि अखेरीस लहानपणी ज्या गोष्टीने आमची झोप उडविली होती, तीच गोष्ट येथे तपासून पाहण्याचे ठरविले. भुताची गोष्ट समाजाच्या स्मरणिकेत कशाला, असे ज्या वडीलधाऱ्या मंडळींस वाटेल त्यांनी निबंध शेवटपर्यंत वाचावा आणि मग रागवावे.

गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. पौर्णिमेच्या रात्री (कोणी अमावास्येच्या म्हणतात) पुण्याच्या शनिवारवाड्यातून एका कोवळ्या मुलाची आर्त हाक ऐकू येते, “काका, मला वाचवा!” आमच्या आजी ही गोष्ट सांगताना आवाज इतका खाली आणीत की, समईच्या ज्योतीचा तडतडाटही मोठा वाटे. त्या स्वतः पुण्यास जन्मात दोनदाच गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा दिवसाच. परंतु हाक त्यांनी ऐकली नव्हती असे म्हणण्याची आमची छाती नव्हती. शिक्षणासाठी पुण्यास नातलगांकडे राहिलेल्या आमच्या पिढीतील कित्येक मुलांनी वाड्याच्या तटाखालून रात्री जाताना रामरक्षा म्हटली आहे. आम्हीही त्यांतलेच.

आता घडले ते काय, ते पाहू. थोरले माधवराव पेशवे ता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने वारले. त्यांच्यामागे धाकटे बंधू नारायणराव यांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. वय अवघे सतरा. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. घरातील भाऊबंदकी आणि गारद्यांचा थकलेला पगार, या दोन गोष्टी एकत्र आल्या. गारदी म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची कवायत शिकलेले भाडोत्री शिपाई. यांच्याच एका पुढाऱ्याने, इब्राहिमखानाने, पानिपतावर मराठ्यांसाठी प्राण दिला होता. म्हणून ‘गारदी’ हा शब्द उच्चारताच नाक मुरडणे बरे नव्हे. दुष्टपणा जातीचा नसतो, हे पुढे दिसेलच.

ता. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. गणेशोत्सवाचे दिवस. रघूजी आंग्रे यांनी नारायणरावास सावध केले होते. नारायणरावाने हरिपंत फडक्यांस बंदोबस्त ठेवण्यास सांगितले, आणि पंत, वेळ आहे असे समजून, भोजनास निघून गेले. दुपारी एकच्या सुमारास सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसफ यांच्या हाताखालील गारदी पगाराची हाकाटी करीत आत घुसले. नारायणराव धावत चुलत्याकडे गेला आणि त्याच्या कमरेस मिठी मारून त्याने जीवदान मागितले. रघुनाथरावाचाच नोकर तुळाजी पवार याने त्याला ओढून काढले आणि सुमेरसिंगाने तलवार चालविली. अठरा वर्षे पूर्ण होऊन पुरता महिनाही झाला नव्हता. पत्नी गंगाबाई गरोदर होती.

हा सारा प्रकार अर्ध्या तासात आटोपला असे इतिहासकार सरदेसाई लिहितात. त्या अर्ध्या तासात एकूण अकरा माणसे मारली गेली: पेशव्यांसह सात ब्राह्मण, दोन मराठे सेवक आणि दोन दासी. चाफाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर पडून वार झेलीत मेला, एवढे एक नाव लोकांच्या तोंडी राहिले. रात्री प्रेत गुपचूप बाहेर काढून मुठेच्या काठी दहन केले. ज्या दक्षिणेकडील लहान दरवाजातून ते नेले असे सांगतात, तो आज नारायण दरवाजा म्हणून ओळखला जातो.

येथे वाचकांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. खून झाला तो भर दुपारी, जेवणाच्या वेळी, लख्ख उजेडात. पौर्णिमेस अजून दोन दिवस अवकाश होता, अमावास्या तर दूरच. मग हाक मध्यरात्री का? आमच्या मते याचे उत्तर सोपे आहे. लोकांनी प्रसंग विसरून भूत ठेवले, आणि भुताला रात्र लागते. दुपारी एक वाजता शेकडो माणसांच्या वाड्यात एका मुलाची किंकाळी उठते आणि कोणीही मध्ये पडत नाही, ही गोष्ट भुताच्या गोष्टीहून अधिक भयंकर आहे. ती सांगण्यापेक्षा अंधार आणि चंद्र मध्ये घालणे सोयीचे झाले असावे.

दुसरी सोय ‘ध’चा ‘मा’ ही. रघुनाथरावाने नारायणरावास ‘धरावे’ असा हुकूम लिहिला आणि आनंदीबाईने ‘ध’ पुसून ‘मा’ केला, हे आम्ही शाळेत फळ्यावर शिकलो. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात ही हकीकत आहे. पुढे खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने १९०९ पासून आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’ बोलपटाने १९४४ मध्ये तो सारा प्रसंग घरोघरी पोहोचविला. परंतु बालबोध अक्षरांत फळ्यावर ‘ध’चा ‘मा’ करून दाखविणाऱ्या आमच्या मास्तरांनी तो कागद पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर तो मोडीत असता! आनंदीबाई निर्दोष होत्या असे म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही. पण ज्या कटात इतके पुरुष गुंतले होते त्याचे सारे खापर एका स्त्रीच्या बोरूवर फोडले गेले, हे आम्हांस नेहमीच खटकत आले आहे. त्या १७९४ साली नाशिकजवळ आनंदवल्ली येथे, पहाऱ्यात, वारल्या. त्यांचे नाव मुलीस ठेवताना आमच्या आजोळी एकदा घरात भांडण झाल्याचे आम्हांस स्मरते.

कट किती मोठा होता ते रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीवरून कळते. जवळजवळ पन्नास असामी दोषी ठरल्या. त्यांत गारदी तेवढे थोडे. बाकीचे आपल्याच पुण्यातले, सोवळ्यातले आणि बिनसोवळ्यातले, ब्राह्मण, मराठे, प्रभू. प्रत्येक जातीचा त्यात भाग आहे. वंशावळी छापताना ही पाने मात्र कोणी छापीत नाही. रामशास्त्र्यांनी खुद्द रघुनाथरावास देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. प्रायश्चित्त अर्थातच घेतले गेले नाही. बारभाईंनी राज्य सावरले, गंगाबाईस ता. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर पुत्र झाला, आणि रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. सालबाईच्या तहानंतर (१७८२) ते परत येऊन कोपरगावास राहिले व तेथेच वारले. तलवार चालविणारे व ओढून काढणारे यांतील काहींना हालहाल करून मारण्यात आले. ज्याच्यासाठी तलवार चालली तो अंथरुणात मेला.

न्याय असा अर्धवट राहिला, म्हणून उरलेले काम भुताकडे आले. हे आम्ही केवळ अलंकाराने म्हणत नाही. रघुनाथराव-आनंदीबाईंचा पुत्र दुसरा बाजीराव १७९६ च्या अखेरीस पेशवा झाला. त्याला नारायणरावाचे भूत पछाडीत असे, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात आहे. बाजीरावाचा जन्म खुनानंतर दीड वर्षाने, १७७५ मध्ये, धार येथे झालेला. ज्या दिवशी हाक उठली त्या दिवशी तो जगात नव्हता. तरीही हाक ऐकावी लागली ती त्यालाच! पंढरपुरास नदीकाठी देवालय बांधून त्याने काही काळ शांतता मिळविली. पीडा पुन्हा सुरू झाली तेव्हा शास्त्रीपंडितांच्या सल्ल्याने पुण्याच्या आसपास आंब्याची झाडे लावली. त्यांची संख्या लाखाच्या घरात सांगतात. ब्राह्मणांस दक्षिणा दिली ती वेगळी. बाजीरावाविषयी आमच्या मनात फारसा आदर नाही. परंतु पेशवाईतील या भुतापासून रयतेस सावली मिळाली एवढे कबूल केले पाहिजे. पुण्याच्या जुन्या आमराया पाहताना आम्हांस हा विचार येत असे. आता त्यांतील बहुतेक जागी घरे झाली आहेत.

आपल्याकडे भूत कोण होतो, याचे नियम काटेकोर आहेत. सोडमुंजीपूर्वी मेलेला मुंजा होऊन पिंपळावर राहतो. धनात वा वतनात जीव गुंतलेला समंध होतो. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते. बुडून मेलेला गिऱ्हा होऊन पाण्याशी वाट पाहतो. प्रत्येकाच्या मागे काहीतरी अपुरे राहिलेले असते. ही यादी वाचताना आमच्या असे ध्यानात आले की, ती वास्तविक जुन्या महाराष्ट्रातील अकाली मरणांची यादी आहे. नारायणरावाचे सर्वच अपुरे राहिले होते. अपमृत्यूने गेलेल्यांसाठी जो विधी करतात त्याचे नाव नारायणबळी असावे, हा योगायोगच. परंतु सांगणाऱ्यांनी त्याचाही उपयोग करून घेतलेला आम्ही ऐकला आहे. या समजुती मुंबई इलाख्यात शाळामास्तरांकडून गोळा करविण्याचे काम ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने केले. ता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीने तो मारला गेला, आणि ती टिपणे पुढे एन्थोव्हेनने संपादून काढली. भुतांच्या माहितीचा संग्रहही असा रक्ताच्या डागासह आपल्यापर्यंत आला.

मग हाकेचे काय? आमचा एक तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. १८१८ नंतर वाडा इंग्रजांकडे गेला. त्यानंतरच्या वर्षांत याच वाड्यात खाली तुरुंग, वर गोरगरिबांचा दवाखाना आणि त्याच्याही वर वेड्यांचे इस्पितळ होते. १८२८ साली आग लागून आतील इमारती जळाल्या. म्हणजे, नारायणरावास जाऊन पन्नास वर्षे होत आली असताना, त्या तटांतून रात्री-बेरात्री खरोखरच आक्रोश ऐकू येत असला पाहिजे. आणि तो जिवंत माणसांचा. बाहेरून जाणाऱ्यास त्याचा अर्थ लावण्यासाठी एक राजपुत्र आयता मिळाला. कैदी, रोगी आणि वेडे यांची हाक कोणीही आपल्या नातवंडांना सांगत नाही. १७९५ च्या ऑक्टोबरात त्याच वाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून एकविसाव्या वर्षी वारलेल्या सवाई माधवरावाची, म्हणजे नारायणरावाच्या त्या पुत्राची, हाकदेखील कोणी सांगत नाही, हे विशेष आहे.

गेल्या पावसाळ्यात एका कामानिमित्त पुण्यास गेलो असता आम्ही नारायण दरवाजापाशी पुष्कळ वेळ उभे होतो. आत पाहण्यासारखे आता जोती, कारंजी आणि हिरवळ. पहारेकऱ्यास हाकेविषयी विचारले. तो सातारकडचा होता. “साहेब, रातच्याला कुत्री लई केकाटत्यात, बाकी काय न्हाय,” असे म्हणून त्याने तंबाखू मळली. मग थोडे थांबून म्हणाला, “पर आमास्नी इथं एकट्यानं झोपाया नाय आवडत.” त्याच्या या दोन वाक्यांत आमच्या निबंधाचा बराच भाग येऊन गेला.

परत येताना मनात घोळत होत्या त्या दोन दासी. पेशव्याची हाक अडीचशे वर्षे टिकली. चाफाजीचे नाव टिकले. या दोघींची हाक तर नाहीच, पण सर्वसाधारण पुस्तकांत त्यांची नावेही आढळत नाहीत. त्या कोणाच्या मुली, कोणत्या गावच्या, त्या दुपारी पळून न जाता तेथे का राहिल्या, की पळायला वाट नव्हती?

आपल्या समाजातील अनेक घराणी पेशवाईत कारकुनीस, शिलेदारीस वा वाड्यातील चाकरीस होती. त्यांच्या घरी माळ्यावर रुमाल बांधलेली दप्तरे अजून असतील. शके १६९५ च्या सुमाराचे, म्हणजे १७७३-७४ चे, कागद कोणाकडे निघाल्यास ते वाळवीस अगर रद्दीवाल्यास देण्यापूर्वी आम्हांस कळवावे. मोडी वाचून नक्कल करून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू, आणि अस्सल कागद ज्याचा त्यास परत करू. एखाद्या हजेरीपटात वा शालूलुगड्यांच्या खर्चाच्या यादीत ती दोन नावे सापडली, तर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ती छापण्याची व्यवस्था चिटणीसांनी मान्य केली आहे.