साधनांचे प्रकाशन आणि संशोधकांचे मंडळ

मराठ्यांच्या इतिहासाचे आधुनिक संशोधन ग्रंथांपासून नव्हे, तर कागदांपासून सुरू झाले; आणि हे कागद कोणाच्या ताब्यात असावेत, हाच त्यातील पहिला वाद होय. १८१८ नंतर पेशवे दफ्तर इंग्रज सरकारच्या हाती गेले. इनामांच्या चौकशीस त्याचा उपयोग झाला. अभ्यासकास मात्र त्याचे दार बहुधा बंदच राहिले. खासगी घराण्यांची स्थिती फारशी निराळी नव्हती. इनाम कमिशनला १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळाले, आणि त्या चौकशीची धास्ती घरोघर इतकी बसली की, जुने रुमाल परक्यापुढे सोडणे म्हणजे वतनावर संकट ओढवून घेणे, असे समजले जाई.

ही कोंडी फोडण्याचा आरंभ १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाने केला. पुढे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दफ्तरातील पत्रे छापण्यास प्रारंभ केला, आणि १८९८ मध्ये राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्याची प्रस्तावना गाजली. परंतु पत्रे मुळाबरहुकूम छापणे, हेच त्या खंडाचे अधिक महत्त्वाचे कार्य होय. ज्या पुराव्यावर राजवाड्यांनी ग्रँट डफला दोष दिला, तोच पुरावा वाचकाच्या हाती आल्यामुळे खुद्द राजवाड्यांची मतेही तपासता येऊ लागली. राजवाड्यांची काही मते पुढे टिकली नाहीत. त्यांनी छापलेली पत्रे मात्र टिकली.

एकट्याच्या पायपिटीस मर्यादा असते. १९१० मध्ये राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. तेथे कागद जमा होत, टिपणे वाचली जात, आणि ती वृत्तांतून छापली जात. नवा कागद मिळालेल्या व्यक्तीने तो जाणत्यांपुढे ठेवावा व आक्षेप ऐकावेत, ही शिस्त येथे रुजली. (आक्षेप नेहमीच सौम्य नसत. खुद्द राजवाडेही पुढे मतभेदामुळे मंडळापासून दूर झाले.)

या शिस्तीचे मोल शिवजन्मतिथीच्या प्रकरणी दिसते. बखरींच्या आधारे शके १५४९ हे वर्ष रूढ होते. कारीच्या जेधे घराण्यातील शकावली टिळकांनी १९१६ मध्ये मंडळाद्वारे प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी नोंद होती. एका कागदावर विसंबून रूढ तिथी सोडावी काय, असा वाद माजला. परंतु शकावलीचा पाठ सर्वांपुढे असल्याने इतर साधनांशी तो ताडून पाहणे शक्य झाले. तंजावरास सापडलेले परमानंदाचे 'शिवभारत' दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातही हीच तिथी आढळली. वाद तेथेच मिटला असे नाही. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक स्वीकारला तो एकविसाव्या शतकाच्या आरंभी.

पेशवे दफ्तराचा प्रश्न याहून बिकट ठरला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. कार्य प्रचंड होते, याविषयी दुमत नाही. तथापि निवडीतून काय वगळले गेले, हे मूळ रुमाल पाहिल्यावाचून कळण्यास मार्ग नव्हता. आणि ते रुमाल पाहण्याची मुभा पुण्याच्या अनेक संशोधकांस त्या वेळी नव्हती. सरदेसाई व जदुनाथ सरकार एका बाजूस आणि मंडळातील विद्वान दुसऱ्या बाजूस, असा जो दुरावा त्या काळी वाढला, त्याच्या मुळाशी हेही एक कारण होते.