वय की अंडाशय? त्वचा पातळ का होते याचा शोध

एका शिक्षक शिबिरात आम्ही अंतःस्रावी ग्रंथींविषयी बोलत होतो. आठवी-नववीतल्या मुलामुलींना मुरुमे का येतात, हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच. वयात येताना पुरुषसंप्रेरके वाढतात (ती मुलींच्या शरीरातही थोडी असतात), त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल स्रवू लागतात आणि रंध्रे तुंबतात, असे उत्तर आम्ही दिले. तेव्हा मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "हे मुलींचे झाले. आमचे काय? पाळी गेल्यापासून माझ्या हाताची कातडी कागदासारखी झाली आहे. हे वयामुळे, की तेही संप्रेरकांमुळेच?"

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, आणि त्याच सुमारास वयही वाढलेले असते. दोन संशयित एकाच वेळी हजर असतील तर परिणाम कोणाचा, हे ठरवायचे कसे? ही गुंतागुंत सोडवायला सुमारे साठ वर्षे लागली. तीच हकिकत येथे पाहू.

अंडाशयातील द्रव्य

१९२३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणीच्या अंडाशयातील पुटिकांमधला द्रव काढला. अंडाशय काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांना तो टोचताच, थांबलेल्या ऋतुचक्राची लक्षणे पुन्हा दिसू लागली. म्हणजे अंडाशय रक्तात काहीतरी सोडत होते. १९२९ मध्ये डॉइझी यांनी आणि जर्मनीत ॲडॉल्फ बुटेनांट यांनी, स्वतंत्रपणे, गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून अशा एका द्रव्याचे स्फटिक मिळवले. या गटातील संप्रेरकांना आपण इस्ट्रोजेन म्हणतो. १९४२ पर्यंत गाभण घोडींच्या लघवीपासून बनवलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेत बाजारात आल्या. त्वचेचा प्रश्न मात्र अजून कोणी नीट विचारला नव्हता.

हाडांच्या डॉक्टरला दिसलेली त्वचा

तो पुढे आला वेगळ्याच वाटेने. बोस्टनचे फुलर ऑलब्राइट हाडांच्या विकारांचा अभ्यास करत. पाठीचे मणके खचलेले त्यांचे बहुतेक रुग्ण पाळी थांबलेल्या स्त्रिया होत्या. इस्ट्रोजेनच्या अभावामुळे हाडे ठिसूळ होतात, असे त्यांनी १९४०-४१ च्या सुमारास मांडले. या स्त्रियांची त्वचाही पातळ असते, हेही त्यांनी नोंदवले.

हाड आणि त्वचा यांचा काय संबंध? दोन्हींचा सांगाडा कोलॅजेन या एकाच जातीच्या प्रथिनाने बनलेला असतो. हाडात त्यावर क्षार बसतात, त्वचेत ते तसेच तंतूंच्या जाळीसारखे असते. १९६३ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या मॅककॉन्की आणि सहकाऱ्यांनी वृद्ध स्त्रियांच्या हातांची मागची बाजू तपासली. ज्यांची त्वचा इतकी पारदर्शक होती की खालच्या शिरा स्पष्ट दिसाव्यात, त्यांच्यात हाडांची झीज जास्त आढळली.

तरीही मूळ अडचण कायम होती, कारण या स्त्रिया वयानेही मोठ्या होत्या. १९८३ साली लंडनमध्ये मार्क ब्रिंकॅट आणि सहकाऱ्यांनी मांडीवरच्या त्वचेचे बारीक तुकडे घेऊन त्यांतील कोलॅजेन मोजले. मांडी सहसा झाकलेली असते, त्यामुळे उन्हाचा परिणाम आपोआप वगळला गेला. पुढची काही वर्षे चाललेल्या या कामातून असे दिसले की कोलॅजेनची घट वयापेक्षा पाळी थांबून किती वर्षे झाली याच्याशी अधिक जुळते. समजा, दोघी पंचावन्न वर्षांच्या आहेत. एकीची पाळी त्रेचाळिसाव्या वर्षी थांबली, दुसरीची त्रेपन्नाव्या. कारण फक्त वय असते तर दोघींची त्वचा सारखीच पातळ व्हायला हवी होती. या मोजमापांवरून पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के आणि नंतर दरवर्षी सुमारे २ टक्के कोलॅजेन कमी होते, असा अंदाज निघाला.

याचे कारण पेशींमध्ये आहे. कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींत इस्ट्रोजेनला ओळखणारी ग्राहक-प्रथिने असतात. अशा ग्राहकाचा दुसरा प्रकार १९९६ मध्ये स्वीडनमध्ये सापडला. त्वचेत दोन्ही प्रकार आढळतात. इस्ट्रोजेन कमी झाले की कोलॅजेनची निर्मिती मंदावते आणि पाणी धरून ठेवणारी द्रव्येही घटतात. तैलग्रंथीही मंदावतात. म्हणून त्वचा पातळ आणि कोरडी होते.

शोधाच्या पुढे धावलेला बाजार

पण पुरावा येण्याआधीच आश्वासने विकली गेली होती. १९६६ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी एका पुस्तकात रजोनिवृत्तीला चक्क अभावाचा रोग ठरवले आणि इस्ट्रोजेनने तारुण्य टिकते असे सांगितले. पुस्तक प्रचंड खपले. त्यांच्या कामाला औषध कंपन्यांचा पैसा होता, हे पुढे उघड झाले. १९७५ मध्ये नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढल्याचे दिसले. २००२ मध्ये अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवर चाललेली, दोन संप्रेरके एकत्र देण्याची चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. हाडे मोडण्याचे प्रमाण घटले होते, पण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या होत्या. आज ही औषधे अंगातून वाफा येणे यांसारख्या त्रासासाठी, वय आणि धोके पाहून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात, सुरकुत्यांसाठी नव्हे. चेहऱ्याच्या सुरकुत्यांवर कमी मात्रेच्या संप्रेरकांचा लक्षणीय उपयोग चाचणीत दिसलाही नाही.

असे का, हे वर्गात सहज दाखवता येते. विद्यार्थ्यांना घरातील आजीच्या दंडाची आतली बाजू आणि हाताची मागची बाजू शेजारी ठेवून पाहायला सांगा. वय तेच, संप्रेरके तीच. पण एकीकडे त्वचा नितळ, दुसरीकडे डाग आणि सुरकुत्या. फरक मुख्यतः उन्हाचा.

हा विषय केवळ दिसण्याचा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. केवळ गर्भाशय काढल्याने संप्रेरके लगेच बंद होत नाहीत, पण सोबत अंडाशयेही काढली तर ती एकाएकी थांबतात. मग जी झीज पन्नाशीनंतर व्हायची, ती तिशीतच सुरू होते, आणि त्वचेबरोबर हाडांचीही होते.

त्या बाईंना आम्ही सांगितले, "दोन्ही कारणे खरी आहेत, आणि ऊन हे तिसरे. पण कातडी पातळ वाटली, तर क्रीमच्या आधी हाडांची चौकशी करा."