नासपतीच्या लाकडाचं कुटुंब

रुखवतातला बाहुला-बाहुलीचा जोडा आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. मांडवात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कोणाच्या हातचा हेही आवर्जून सांगितलं जातं. "आमच्या माईनं केलंय हो हे सगळं!" माई म्हणजे कोणाची कोण, हे पाहुण्यांना माहीत असतंच. आज लिहायचंय ते मात्र अशा बाहुल्यांबद्दल, ज्या करणाऱ्या मुलींना 'आमची' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

गोष्ट शांघायची. १८४२ च्या नानकिंग तहानंतर हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि बघता बघता अफाट वाढलं. पैसा आला तशी कुंटणखान्यांचीही वस्ती वाढली. फुचौ रोडचा परिसर तर त्यासाठी प्रसिद्धच होता. तिथे मुली यायच्या त्या बहुतेक विकल्या गेलेल्या किंवा पळवलेल्या. पूर, दुष्काळ, कर्ज, बापाचं अफूचं व्यसन... कारणं वेगवेगळी, पण गरिबाच्या घरात विकण्याजोगं काही उरलं नाही की पाळी मुलीची यायची. कोणी श्रीमंतांकडे मोलकरीण म्हणून विकली जायची, कोणी थेट कुंटणखान्यात.

१९०१ साली कॉर्नेलिया बॉनेल या अमेरिकन बाईनं काही जणींना सोबत घेऊन अशा मुलींसाठी शांघायमध्ये एक घर उघडलं. इंग्रजीत नाव 'डोअर ऑफ होप', म्हणजे आशेचं दार. काही मुली स्वतः पळून यायच्या, काहींना तिथलं मिश्र न्यायालय पाठवायचं. घर मिशनऱ्यांचं, त्यामुळे प्रार्थना आणि बायबल आलंच. शिस्तही कडक. मुलींची लग्नंही बहुधा संस्थाच जुळवून द्यायची. ते सगळं आजच्या नजरेला खटकेलही. पण तिथे लिहा-वाचायला मिळायचं, शिवणकाम शिकायला मिळायचं, आणि रात्री दाराबाहेर गिऱ्हाईक उभं नसायचं.

या शिवणकामातूनच बाहुल्या जन्मल्या. डोकी कोरायचे निंगबोकडचे कारागीर. निंगबो लाकडी कोरीवकामासाठी नावाजलेलं गाव. लाकूड नासपतीचं, गुळगुळीत घासलेलं. चेहऱ्याला रंग नाही, लाकडाचा रंग तोच कातडीचा. फक्त केस, डोळे आणि ओठ रंगवलेले. अंग कापडाचं, आत कापूस. मोठ्या माणसांच्या बाहुल्या साधारण ११-१२ इंच उंचीच्या. त्यापुढचं सगळं मुलींच्या हातचं. आतले कपडे, वरचे कपडे, एकावर एक थर, कापडाच्या इवल्याशा गुंड्या आणि त्यांचे फासे. खोटं काही नाही, गुंड्या सोडून सगळे कपडे उतरवता येतात. एका मुलीला एक बाहुली पुरी करायला महिनाभर लागायचा म्हणतात. विक्री मुख्यतः परदेशी लोकांत व्हायची आणि त्या पैशानं संस्थेला हातभार लागायचा.

मला थबकायला लावलं ते या बाहुल्या कोणाच्या आहेत, या गोष्टीनं. नवरा-नवरी. म्हातारा, म्हातारी. शाळकरी पोरं. पाठीशी बाळ बांधलेली दाई. गवती झूल पांघरलेला शेतकरी. विधवा. आणि सुतकातला माणूस, जाड्याभरड्या कापडात. म्हणजे बहुतेक एक अख्खं कुटुंबच की! शेजारीपाजारी आणि नोकरमाणसांसकट.

चीनमध्ये नात्याचा आणि कापडाचा संबंध किती जवळचा होता, हे या सुतकी बाहुलीवरून कळतं. तिथे सुतकाच्या वस्त्रांच्या पाच पायऱ्या होत्या. मेलेला माणूस जितका जवळचा, तितकं कापड जाडं आणि काळ मोठा. सगळ्यात वरच्या पायरीचं सुतक तीन वर्षांचं म्हणवलं जायचं (प्रत्यक्षात २७ महिने). त्याचं कापड सगळ्यात खरबरीत आणि त्याची किनार दुमडून शिवायचीसुद्धा नाही, कापल्यावर सुटेल तशीच ठेवायची. त्याखाली एक वर्ष, नऊ महिने, पाच महिने, तीन महिने. 'आपला' आणि 'लांबचा' यातलं अंतर कायद्यातही या पाच पायऱ्यांनीच मोजलं जायचं.

आता यात मुलगी कुठे? लग्न झालं नसेल तर आई-वडिलांसाठी तिलाही भावासारखंच तीन वर्षांचं सुतक. लग्न झालं की ते एका वर्षावर यायचं, कारण आता तिचं मोठं सुतक नवऱ्याचं आणि सासरचं. वंशावळीत मुलाचं नाव; सुनेचं बहुधा फक्त माहेरचं आडनाव; मुलीचं बऱ्याचदा काहीच नाही. पूर्वजांच्या देव्हाऱ्यात बाईच्या नावाची पाटी लागायची ती सासरी. (आपले जुने कुळवृत्तांत उघडून बघा, फार वेगळं दिसणार नाही. मावशी, तू मागे एकदा यावरूनच चिडली होतीस!)

मग जी विकली गेली, तिचं काय? माहेर तुटलं, सासर नाही. तिनं कोणाचं सुतक पाळायचं, आणि तिचं कोण पाळणार? पाच पायऱ्यांपैकी एकीवरही ती नाही. अशी मुलगी खिडकीशी बसून सुतकाचा अंगरखा शिवते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नवरीचा लाल पोशाख शिवताना, म्हातारीच्या डोईवरची पट्टी बसवताना कोणाला कोण आठवलं असेल, ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण सातव्या-आठव्या वर्षी घर सुटलेल्या पोरीलाही आजीची गुंडी कोणत्या बाजूला असते ते आठवतंच ना?

बॉनेल १९१६ साली वारली, काम चालू राहिलं. मधल्या काळात चीन उलटापालटा झाला. १९१२ मध्ये राजवट संपली, पुरुषांच्या शेंड्या कापल्या गेल्या, पोशाख बदलले. बाहुल्यांमध्येही ते उतरलं. सुरुवातीच्या पुरुष बाहुल्यांना लांब वेणी दिसते. १९४९ च्या सुमाराला बाहुल्या बनणंही थांबलं.

राजघराण्यातले रेशमी झगे संग्रहालयांत पुष्कळ आहेत. साध्या माणसांचे कपडे मात्र वापरून विरतात, लहान मुलांच्या अंगावर जातात, शेवटी चिंध्या होतात. सुतकाची वस्त्रं तर कोणी ट्रंकेत जपून ठेवत नाही. त्यामुळे शेतकऱ्याची झूल, दाईची झोळी, पोराचा सदरा कसा असायचा, हे पाहायला आज या बाहुल्यांचा फार उपयोग होतो. जगभरच्या संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत त्या आहेत. एखाद्या चिनी वंशाच्या माणसाला आपली पणजी काय नेसायची हे बघायचं असेल, तर ते त्याला या ११ इंचात दिसू शकतं, घराण्याच्या वहीत जिचं नाव नाही अशा मुलीनं घातलेल्या टाक्यांसकट.

या बाहुल्यांवर शिवणारीचं नाव नसतं. रुखवत मांडताना आपण सांगतो तसं 'आमच्या माईनं केलंय' म्हणायलाही कोणी नव्हतं. म्हणून म्हटलं, निदान इथे सांगावं, की त्या कोणी केल्या.