एआय सहाय्यक आणि रुग्णाचे कॅलेंडर: परवानगी किती द्यावी?

औषधांच्या वेळा, तपासणीच्या तारखा, डायलिसिसचे वार आता बऱ्याच घरांत मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये असतात. आई सोलापुरात, मुलगा पुण्यात आणि दोघांच्या फोनवर तेच कॅलेंडर. सोय चांगली आहे. पण अलीकडे त्यात एआय सहाय्यकही आला आहे. तो कॅलेंडर वाचतो, नोंदी टाकतो, हलवतो आणि पुसतोही. "माझा गुरुवार मोकळा कर" असे मुलाने म्हटले, तर आईचे डायलिसिस आणि ऑफिसची मीटिंग यांतला फरक त्याला कळेलच असे नाही. नोंद हलली म्हणून डायलिसिस केंद्रातली वेळ हलत नाही, फक्त घरच्यांची आठवण चुकते.

कोणत्या नोंदी हलल्या तर धोका?

दातांची साफसफाई आठवडाभर पुढे गेली तर फारसे बिघडत नाही. पुढील तीन ठिकाणी मात्र बिघडते.

संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. "दर आठवड्याला" ही नोंद चुकून "रोज" झाली आणि रुग्णाने ती तशीच पाळली, तर तोंडात फोड येतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि जिवावर बेतू शकते. ही चूक एआय येण्याआधीपासून होत आली आहे. म्हणून मी रुग्णांना गोळीच्या पाकिटावर पेनाने वार लिहायला सांगतो, आणि मोबाइल कितीही हुशार झाला तरी ते सांगणे बंद करणार नाही.

कुत्रा चावल्यावर रेबीजची लस त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात, स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीही. तिसऱ्या दिवसाचा डोस "सोयीच्या" वारी ढकलायचा नसतो.

डायलिसिसमधले अंतर वाढले की शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठते. त्यातून धाप लागते, हृदयाचे ठोके बिघडतात.

सूचना वेगळी, परवानगी वेगळी

"आईच्या नोंदींना हात लावू नकोस" असे सहाय्यकाला लिहून सांगणे म्हणजे विनंती झाली. तो बहुतेक वेळा ती पाळेल, पण बदल करण्याची परवानगी त्याच्याकडे असेल तर एखाद्या वेळी चूक होऊ शकते. खरे कुलूप परवानगीचे.

गूगल कॅलेंडर दुसऱ्याला देताना चार पातळ्या असतात: फक्त मोकळी-व्यस्त वेळ दिसणे, सर्व तपशील दिसणे, नोंदी बदलता येणे, आणि बदलांबरोबर इतरांना प्रवेशही देता येणे. आयफोनवर आयओएस १७ पासून एखाद्या अ‍ॅपला पूर्ण प्रवेश किंवा फक्त नवीन नोंद टाकण्यापुरता प्रवेश देता येतो.

मला सर्वांत सुरक्षित वाटणारी रचना अशी. आईचे आरोग्याचे कॅलेंडर आईच्याच खात्यात ठेवा. मुलाच्या खात्याला "फक्त दिसेल" एवढीच परवानगी द्या. मुलाच्या खात्याला जोडलेला सहाय्यक मग त्या नोंदी वाचेल, आठवण करून देईल, पण बदलू शकणार नाही. सगळे एकाच खात्यात ठेवले तर सहाय्यकाला दिलेली परवानगी सहसा त्या खात्यातील सर्वच कॅलेंडरांना लागू होते. बदल करण्यापूर्वी विचारण्याची सोय सहाय्यकात असेल तर ती चालू ठेवा, आणि "हो" दाबण्याआधी तारीख फाइलशी ताडून पाहा.

अनोळखी निमंत्रणे

२०२५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की कॅलेंडरच्या निमंत्रणात लपवलेला मजकूर वाचून गूगलचा जेमिनी सहाय्यक मालकाने न सांगितलेली कामे करू शकतो. गूगलने त्यावर उपाय केले, पण हा प्रश्न एका कंपनीपुरता नाही. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये, ओळखीच्या व्यक्तीकडून आलेली निमंत्रणेच आपोआप जोडली जातील असा पर्याय आहे. तो निवडा.

नोंदीत काय लिहावे?

"केमो, चौथी फेरी" किंवा "मानसोपचार" असे लिहिले की कॅलेंडर पाहू शकणाऱ्या प्रत्येकाला आजार कळतो, सहाय्यक चालवणाऱ्या कंपनीलाही. "डॉक्टर, सकाळी ११" एवढे पुरते. ऑफिसच्या सहाय्यकाला मोकळी-व्यस्त वेळेपलीकडे काही दाखवू नका.

नोंद चुकलीच तर

गूगल कॅलेंडरमध्ये पुसलेली नोंद साधारण ३० दिवस कचरापेटीत राहते, संगणकावरून ती परत आणता येते. त्याच वेळी गूगल खात्याच्या सेटिंगमधून त्या सहाय्यकाचा प्रवेश काढून टाका. तारखांबाबत रुग्णालयाची फाइल किंवा लसीचे कार्ड खरे मानावे.

लसीचा डोस चुकला असेल तर लगेच केंद्रावर जाऊन घ्या, पुढच्या तारखा तिथेच विचारा. डायलिसिस चुकले असेल तर केंद्राला त्याच दिवशी फोन करा. धाप, छातीत धडधड किंवा खूप अशक्तपणा असेल तर थेट रुग्णालय गाठा. मेथोट्रेक्सेट एका दिवसाऐवजी जास्त दिवस घेतले गेले असेल, तर काही त्रास होत नसला तरी गोळी थांबवा आणि पाकीट बरोबर घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जा.